ॲपवर बक्षीस स्पर्धा ठेवताय? पोस्टर छापायच्या आधी एवढं बघा

ॲपवर स्पर्धा ठेवायची म्हटलं की माणूस आधी डिझायनरकडे जातो, मग ॲपवाल्या पोराकडे, आणि माझ्याकडे येतो तेव्हा पोस्टर छापून व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपांवर फिरून झालेलं असतं. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. जीएसटी, टीडीएस, परवाने हे रोजचं काम. पण पोळा झाला की दिवाळीपर्यंत ‘मॅडम, ड्रॉ ठिवलाय, कायद्याचं काय लागतंय का?’ असं विचारणारे सुरू होतात. कापड दुकान, मोबाइल शॉपी, कृषी सेवा केंद्र, कोचिंग क्लास, गणेश मंडळ, सगळ्यांकडे आता स्वतःचं ॲप असतं, नाहीतर भाच्यानं करून दिलेलं असतं. त्यांना मी ज्या क्रमानं प्रश्न विचारते त्याच क्रमानं इथं लिहिते.

पहिला प्रश्न पैशाचा. स्पर्धेत उतरायला तुम्ही लोकांकडून काही घेताय का? ‘नाममात्र एकोणपन्नास रुपये’ असं उत्तर आलं की मी पेन खाली ठेवते. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे किंवा पैशासारखं काही लावून, त्या बदल्यात बक्षीस मिळेल या आशेनं खेळायचा ऑनलाइन खेळ या कायद्यानं बंद केला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो, की दोन्हींचा. पूर्वी ‘आमचा खेळ डोक्याचा आहे, जुगार नाही’ हे म्हणणं कोर्टात टिकायचं. पैसे घेतले असतील तर या कायद्यापुढं ते टिकत नाही. फँटसी क्रिकेटच्या मोठमोठ्या ॲपांनी पैशाच्या स्पर्धा गुंडाळल्या त्या यामुळेच. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. हे दुसरं वाक्य रील करणाऱ्या पोरांनी दोनदा वाचावं. ‘आम्ही फक्त प्रमोशन केलं’ हा तिथं बचाव नाही.

कॉइन, टोकन, पॉइंट विकून त्यावर खेळवलं तरी तेच. पैशानं विकत घेता येतं किंवा पैशात बदलता येतं ते पैशातच धरलं जातं. ई-स्पोर्ट्सला नोंदणी शुल्क घ्यायची सवलत आहे खरी, पण ती मान्यता आणि नोंदणी मिळालेल्या ई-स्पोर्ट्सला. चौकातल्या पोरांनी मोबाइल गेमची टूर्नामेंट भरवली आणि बॅनरवर ‘ई-स्पोर्ट्स’ लिहिलं म्हणून ती सवलत लागू होत नाही.

लातुरात हा प्रश्न कोचिंगवाल्यांना फार येतो. क्लासच्या ॲपवर ‘टॅलेंट टेस्ट’, फी पन्नास रुपये, पहिलं बक्षीस लॅपटॉप. ही परीक्षा की खेळ, यावर वकिलांची दोन मतं पडतील आणि दोन्हींची फी तुम्ही भराल. पन्नास रुपये काढून टाका, वादच उरत नाही. ॲप डाउनलोड आणि ॲडमिशनच्या चौकशा यातूनच तुम्हाला जे हवंय ते मिळतं, फीच्या गल्ल्यातून नाही.

दुसरा प्रश्न: विजेता ठरतो कसा? इथं जुने कायदे लागतात आणि ते अजून जिवंत आहेत. १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा शब्दकोडी, चित्रकोडी, आकड्यांची कोडी यांच्यासाठी आहे. महिन्याची एकूण बक्षिसं एक हजार रुपयांच्या वर गेली तर स्पर्धाच बंद; त्याच्या आत असेल तर परवाना हवा, आणि एका स्पर्धेला दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका घ्यायच्या नाहीत. हजाराचा आकडा वाचून लोक हसतात, पण तो तसाच आहे. एकदा एका जाणकार गृहस्थांनी मला सांगितलं, ‘तो कायदा मुंबई राज्याचा, आपण तेव्हा निजामाच्या हैदराबादेत.’ निजामाचं राज्य १९४८ लाच संपलं होतं. आपण हैदराबाद राज्यात होतो हे खरं, पण कायदा ज्या राज्यांना लागू झाला त्या यादीत मुंबईही आहे आणि हैदराबादही. मराठवाडा कुठूनही सुटत नाही.

या कायद्यावर १९५७ साली सुप्रीम कोर्टाचा चमारबागवाला खटल्याचा निकाल आला आणि त्यानं कौशल्याच्या स्पर्धांना वाट करून दिली. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं तिला हा कायदा लागू नाही, जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांनाच आहे, असं कोर्टानं सांगितलं. महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. म्हणून मी म्हणते, निवड खरंच कौशल्यावर करा. ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती? अ) मुंबई ब) नागपूर’ असा प्रश्न विचारायचा आणि बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढायची, ही सोडतच झाली. प्रश्न फक्त शोभेला. रांगोळी, पाककृती, घोषवाक्य, कापसाच्या शेतातला फोटो, काहीही ठेवा. पण परीक्षक कोण, गुण कशाला किती, हे आधी लिहा आणि गुणतक्ता सह्यांनिशी फाइलला लावा.

निव्वळ सोडत आणि तिला पैसे, म्हणजे लॉटरी. १९९८ च्या कायद्याप्रमाणे लॉटरी काढायचा अधिकार राज्य सरकारांचा. बाकी कुणी काढली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ आहे: लॉटरीसाठी जागा किंवा ऑफिस चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि नुसती जाहिरात प्रसिद्ध केली तरी पाच हजारांपर्यंत दंड. मंडळाची वीस रुपयांची कूपनं, पहिलं बक्षीस स्कूटर, ही सरळ त्यात बसतात. कूपन कागदाचं असो की ॲपमधलं क्यूआर, फरक पडत नाही. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, ‘ताई, सगळेच करायलेत.’ करतात. पण ज्याला नंबर लागत नाही तो एखादा माणूस तक्रार करतो आणि मग पावतीपुस्तकावर ज्याची सही आहे त्याला बोलावणं येतं.

आपल्याकडच्या आणखी एका प्रकाराबद्दल मला कडक लिहायचंय. दर महिन्याला हजार रुपये भरा, दर महिन्याला ड्रॉ, ज्याचा नंबर लागला त्याला मोटरसायकल आणि पुढचे हप्ते माफ. याला गावोगावी ‘भिशी ड्रॉ’, ‘बचत योजना’ असलं काहीतरी गोंडस नाव असतं आणि हल्ली त्याचं ॲप निघतं. १९७८ च्या कायद्यानं बक्षीस चिटफंड आणि साखळी योजना बंद आहेत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि कोर्टानं खास कारण नोंदवल्याशिवाय एक वर्षाच्या खाली येत नाही. ‘मित्राला जोडा, त्याच्या पैशातून तुम्हाला बोनस’ हेही याच घरातलं. असं काही घेऊन आलात तर मी कागद करून देत नाही.

तिसरा प्रश्न: भाग घ्यायला खरेदीची अट आहे का? तो कापड दुकानाच्या आप्पांच्या निमित्तानं सांगते, कारण दहातले आठ जण तिथंच अडकतात. आप्पांची योजना अशी: दोन हजारांची खरेदी, बिलावर क्यूआर, ॲपमध्ये स्कॅन करा, दिवाळीला सोडत, पहिलं बक्षीस स्कूटर. ‘मॅडम, कूपनाचे पैसे घ्यायलोच नाय की. कूपन फुकटंय.’ कूपन फुकट, पण ते मिळवायला दोन हजार मोजावे लागतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या पाहा. विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ तिच्यात येतो. बक्षिसाचा खर्च आडून गिऱ्हाइकाकडूनच वसूल करून ‘मोफत’ म्हणणं येतं. आणि योजना संपल्यावर निकाल न सांगणं हेही येतं.

यावर मोठा खटला झालाय तो केबीसीच्या वेळचा. २००७ साली प्रेक्षकांनी एसएमएसनं उत्तर पाठवायची स्पर्धा होती आणि मेसेजला २ रुपये ४० पैसे पडायचे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ती अनुचित प्रथा ठरवून एक कोटीची भरपाई लावली. पुढं २०१९ ला सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला, कारण बक्षिसाचा पैसा मेसेजच्या पैशातून आला याचा पुरावा नव्हता. यातून धंदेवाल्यानं घ्यायचं ते एवढंच: बक्षिसाचा पैसा कुठून आला हे तुमच्या वहीत दिसलं पाहिजे. बक्षीस जाहिरात खर्चात दाखवा, योजनेच्या दिवसांत मालाचे भाव चढवू नका, आणि जुन्या-नव्या बिलांच्या प्रती ठेवा.

आप्पांना मी योजना दोन तुकड्यांत तोडायला लावली. खरेदीवर प्रत्येकाला ठरलेली भेट, दोन हजारांवर दोनशेची सूट, नशीब कुठंच नाही. आणि ॲपवर रांगोळीची स्पर्धा, बिल लागत नाही, लातुरातल्या कुणीही फोटो टाकावा. ‘मग दुकानात कोण यील?’ असं ते म्हणाले. बक्षीस दुकानात वाटायचं ठरलं आणि बायका सहकुटुंब आल्या. स्कूटरचा मोह मात्र आप्पांना सोडवला नाही. ती रांगोळीच्या पहिल्या नंबरला गेली.

आता नियमावली. ती ॲपमध्ये, स्पर्धेच्या बटणाच्या शेजारी, मराठीत हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा असं आहे. पोस्टर मराठीत आणि ‘अटी लागू’ची बारीक ओळ इंग्रजीत, ही आपली आवडती पद्धत त्यात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. माझ्याकडचा मसुदा साधारण असा असतो:

‘ही स्पर्धा अमुक दुकानानं (मालकाचं नाव, पूर्ण पत्ता, फोन) घेतली आहे. भाग घ्यायला शुल्क नाही, खरेदीची अट नाही. वय १८ पूर्ण हवे. त्याखालील मुलांची प्रवेशिका पालकांनी भरावी. एका मोबाइल क्रमांकावरून एकच प्रवेशिका. प्रवेशिका अमुक तारखेला रात्री १२ ला बंद. निवड तीन परीक्षक करतील; रंगसंगती ४०, कल्पना ४०, सफाई २० गुण. निकाल अमुक तारखेला ॲपवर आणि दुकानाच्या फलकावर लागेल. विजेत्यानं १५ दिवसांत संपर्क न केल्यास पुढच्या गुणांच्या स्पर्धकाला बक्षीस. प्राप्तिकर आम्ही भरू. बक्षिसासाठी आम्ही कधीही ओटीपी किंवा पैसे मागत नाही. गूगल, ॲपल किंवा मेटा यांचा या स्पर्धेशी संबंध नाही.’

शेवटचं वाक्य लोक गाळतात. ॲपलच्या नियमांत ते ॲपमध्ये दिसेल असं लिहावंच लागतं, आणि स्पर्धा ॲप बनवणाऱ्यानंच प्रायोजित केलेली हवी. भाच्याच्या नावावरचं ॲप आणि मामाची स्पर्धा असेल तर ॲप आधी मामाच्या नावावर करून घ्या. फेसबुकवर ‘ही पोस्ट तुमच्या टाइमलाइनवर शेअर करा म्हणजे नंबर लागेल’ ही अट त्यांच्या नियमांत चालत नाही. कॉमेंट मागा, पोस्टला लाइक मागा, शेअरची सक्ती नको. एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे डीएलटी या एसएमएस नोंदणीच्या यंत्रणेवर नाव आणि मजकूर नोंदवून घ्यावा लागतो. ते काम एसएमएसवाला करून देतो.

यानंतर टीडीएस, जिथं सगळ्यांचा चेहरा पडतो. बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की ३० टक्के कर कापायचा. सोडतीचं असो की कौशल्याचं, ‘बक्षीस’ म्हणून जे दिलं ते त्यात येतं. जिंकणाऱ्याचं उत्पन्न करपात्र नसलं तरी दर तोच. प्राप्तिकराचा नवा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे, त्यात टीडीएस कलम ३९३ खाली एकत्र आलाय. जुन्या कागदांवर १९४ ब दिसेल. आणि स्पर्धा म्हणजे ॲपमधला खेळच असेल, क्विझसारखा, तर ऑनलाइन गेमची वेगळी तरतूद बघावी लागते. तिला दहा हजारांची सूट नाही. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कर, आणि महिन्याला शंभर रुपयांपर्यंतच माफी. हे बहुतेक ॲपवाल्यांना माहीतच नसतं.

वस्तूच्या बक्षिसाला जरा थांबू. स्कूटर ९०,००० ची. ३० टक्के म्हणजे २७,०००. स्कूटरमधून रुपये कापून घेता येत नाहीत, म्हणून कायदा म्हणतो की कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. मग दोन वाटा. एक, विजेत्यानं २७,००० आणून द्यायचे. दुसरी, तुम्ही स्वतः भरायचे. दुसरी वाट धरली तर तुम्ही भरलेला करसुद्धा त्याचं बक्षीसच, म्हणून हिशेब फुगवून करायचा: ९०,००० ला ७० टक्के धरायचं, १०० टक्के होतात १,२८,५७१, त्यावर कर ३८,५७१. बजेट करताना स्कूटरची किंमत ९०,००० नसते, ती १,२८,५७१ असते.

मी कायम दुसरी वाट सुचवते, महाग असली तरी. कारण आजकाल फोनवरचे भामटे हेच बोलतात: ‘तुम्हाला गाडी लागली, टॅक्सचे सत्तावीस हजार भरा.’ तुम्ही प्रामाणिकपणे तेच मागितलं तर औशाची किंवा निलंग्याची एखादी बाई तुम्हाला त्याच रांगेत उभं करते, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावते, आणि तिचं काही चुकत नाही. पैसे घ्यावेच लागले तर दुकानात बोलवा, घरचं माणूस सोबत आणायला सांगा, पावती द्या, चलन भरल्यावर त्याची प्रत द्या. फोनवर किंवा यूपीआयच्या लिंकवर हा विषय काढूच नका.

टीडीएस भरायला टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) लागतो. ‘आमचं ऑडिट होत नाही’ म्हणून सुटका नाही, मंडळालाही नाही. विजेत्याचा पॅन घ्यायचा, कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), तिमाही विवरण भरायचं आणि विजेत्याला टीडीएसचं प्रमाणपत्र द्यायचं. जाता जाता जीएसटीचं: फुकट वाटलेल्या वस्तूवरचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. स्कूटरच्या बिलावरचा जीएसटी परत मागू नका.

माहितीचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. नाव, मोबाइल, गाव, बस. भाग घेणाऱ्या प्रत्येकाचं आधार मागायची गरज नाही. पॅन फक्त विजेत्याचा. स्पर्धेसाठी घेतलेले नंबर जाहिरातीला वापरणार असाल तर तशी वेगळी संमती घ्या, आधीच टिक केलेला चौकोन ठेवू नका. अठराच्या खालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांच्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. कोचिंगवाल्यांची अर्धी यादी या वयाची असते. त्यांनी प्रवेशिका पालकांच्याच मोबाइलवरून घ्यावी.

निकालाच्या दिवशी ॲपमधली यादी बंद झाल्याच्या वेळेसकट काढून छापा आणि दोन बाहेरच्या माणसांच्या सह्या घ्या, शाळेचे चित्रकलेचे सर, बँकेतले कुणी. फोटोंवरची नावं झाकून परीक्षकांना द्या. मालकाच्या, कामगारांच्या आणि ॲपवाल्याच्या घरच्यांना भाग घेता येणार नाही हेही नियमावलीत लिहा. तरी यादीवरून एकदा नजर फिरवा, साडू आणि मेहुणे तिथंच सापडतात. निकाल जिथं जाहिरात केली होती तिथंच लावा. पेपरात दिली असेल तर त्याच पेपरात.

ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, तोवर फाइल फेकू नका: नियमावलीची त्या दिवशीची छापील प्रत, यादी, गुणतक्ते, बक्षिसाचं बिल, चलन, विजेत्याची पोच. ॲप बदललं की जुनी नियमावली गायब होते, म्हणून कागदावर ठेवा. आप्पांची फाइल माझ्या कपाटात आहे, त्यांच्या दुकानात ती सापडली नसती.